बसवंता, ठेका तुझाच बरोबर होता

बसवंता, त्या संध्याकाळी चुकलो तो मी. तू नव्हेस.

एवढं वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली, आणि आता ते वाचायला तू नाहीस. तुला जाऊन अजून दोन महिनेही झालेले नाहीत. गेलेल्या माणसाविषयी चांगलं लिहावं अशी रीत आहे. तुझ्याविषयी चांगलं लिहायला मला काही कष्ट नाहीत. पण तेवढंच लिहून थांबलो तर ती माझी आणखी एक लबाडी होईल. तुझं गाव कुठलं, शेती किती, मागं कोण कोण राहिलं, ते तुझ्या भावकीनं सांगितलं आहे. मला जे सांगायचं आहे ते ठाऊक असणारी माणसं फार थोडी होती, आणि त्यातला एक तू होतास.

आपण गायन कॉलेजात भेटलो ते संस्थान विलीन झालं त्या वर्षी. कॉलेज म्हणजे काय, महाद्वार रोडमागच्या बोळात कापडदुकानाच्या माडीवर तीन खोल्या, भिंतीला टांगलेले गवसणीतले तंबोरे आणि जिन्याखाली चपलांचा ढीग. पण दारावर 'कॉलेज' अशी पाटी होती, वर्षाअखेर परीक्षा होई, म्हणून आपण कॉलेजकुमार. मी तर तिशीला टेकलेला. दिवसभर मंगळवार पेठेतल्या शाळेत पोरांकडून पाढे म्हणवून घ्यायचे आणि संध्याकाळी स्वतः सा लावायला बसायचं. पहिल्या दिवशी तू मला शिक्षक समजून पाया पडायला वाकलास. मी घाईनं म्हणालो, "अहो, मीही विद्यार्थीच आहे." तू अर्ध्यात थांबलास, सरळ झालास आणि म्हणालास, "मग अगुदर सांगायचं न्हाय व्हय? फुकट कंबर वाकवली की!"

सगळा वर्ग हसला. माझी कॉलेजातली पहिली आठवण ती आहे.

तू गडहिंग्लजच्या पलीकडचा. बोलणं निम्मं कानडीकडं झुकलेलं. आईला अव्वा, बहिणीला अक्का, आणि मला त्या दिवसापासून अण्णा. गावच्या भजनात पखवाज वाजवत मोठा झालेला तुझा हात भक्कम होता आणि बोलणंही त्याच हाताचं. आपल्या वर्गातली शहरातली मंडळी तुला पाठीमागं 'भजनी' म्हणत. एकदा त्यांच्यातला एकजण तोंडावरच म्हणाला, "काय भजनी, टाळ कुठं विसरलास?" तू डग्ग्याखालची चुंबळ सारखी करत म्हणालास, "टाळ गावाकडं ठेवलाय पावणं. हितं टाळकी बडवायला आलोय."

मीही तेव्हा पोट धरून हसलो. पण खरं सांगतो, तो 'भजनी' शब्द मला आतून बरा वाटायचा. तू माझा मित्र होतास, आणि तरीही तू माझ्याहून एक पायरी खाली आहेस हे कुणीतरी परस्पर ठरवून टाकलेलं होतं. मला ते स्वतः म्हणावं लागत नव्हतं. पुढं जे घडलं त्याचं मूळ तिथं होतं असं मला आता वाटतं.

तुझ्या बोर्डिंगात तबला वाजवायला मनाई होती. "पोरांचा अभ्यास होत नाही," असं सुपरिंटेंडेंट म्हणत. म्हणून तुझा तबला-डग्गा आमच्या सोप्यात कोपऱ्यात असायचा आणि रविवारी सकाळी तू यायचास. येताना हात रिकामे नसत. गावाकडून कुणी आलेलं असलं की लोटाभर काकवी, एकदा तर आजऱ्याकडचा घनसाळ तांदूळ, पंच्यात बांधून. तो भात चुलीवर असताना वासानं शेजारीण विचारायला आली होती, घरात काय आहे म्हणून. आमची कुमू तेव्हा तीनेक वर्षांची. तिला गोवर निघाला तेव्हा ती कुणाकडं जाईना, काही खाईना. तू तिच्या खाटेशी बसून पाटावर बोटांनी बोल वाजवलेस आणि प्रत्येक 'धा'ला डोळे मोठे केलेस. ती हसली आणि पेज प्यायली. त्या दिवसापासून तू तिचा धा-काका.

मला लय तू दिलीस, बसवंता. सूर बुवांनी दिला. बुवा म्हणजे आपले गाण्याचे मास्तर; सगळं कॉलेज त्यांना बुवाच म्हणे. पण ताल माझ्या अंगात नव्हता. मी बोटं मोजत गायचो. तू मला रंकाळ्याच्या रस्त्यावरून चालायला लावलंस आणि पावलांवर झपताल म्हणायला लावलास. "अण्णा, बोटं मोजू नगासा. बोटं वान्याची. गवयाचं पाय." आज मी मुलांना तसंच शिकवतो. तुझं नाव सांगत नव्हतो, एवढंच.

आणि आपला वाद! कॉलेज सुटल्यावर रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून घातलेला. शेंगा संपायच्या, टरफलं पायाखाली साठायची, वाद संपायचा नाही. साथ म्हणजे काय, एवढाच प्रश्न. मी म्हणायचो, साथ म्हणजे सावली. गवई वळला की तबल्यानं वळायचं. तू हात उडवायचास.

"सावली? मग दुपारी बारा वाजता काय पायाखाली घिऊन बसायचं व्हय ती? ह्ये बघा अण्णा. ठेका म्हंजे बांध. पानी तुमचं. कुटं बी पळवा, नाचवा. पर बांध हलला की रान गेलं म्हनून समजा."

"आणि गवईच चुकला तर?"

"चुकंना की. बांध हाय तितंच ऱ्हानार. पानी धडकंल आनि म्हागारी ईल."

"चारचौघांत त्याची फजिती होईल, त्याचं काय?"

"हुईल की! चुकल्यावर काय आरती ओवाळायची?"

मी म्हणायचो, ही साथ नव्हे, ही बांधावरची भांडणं. तू म्हणायचास, तुमास्नी शेती बी कळत न्हाय आनि साथ बी. तेवढ्यात बोर्डिंगची जेवणाची वेळ टळलेली असायची. मग तू आमच्याच घरी. उंबऱ्यातूनच ओरडायचास, "वैनी, भाकरी हाय का शिल्लक? नसंल तर अण्णास्नी उपाशी ठिवा, माजं भागंल."

आता त्या संध्याकाळकडं यायला हवं.

कॉलेजचा वार्षिक समारंभ होता. त्या वर्षी त्याला नेहमीपेक्षा जास्त महत्त्व होतं, कारण कॉलेजात साथीला कायमचा तबलजी नेमायचा होता आणि कमिटीनं समारंभातलं वादन ऐकून ठरवायचं असं म्हटलं होतं. बुवांचा कल तुझ्याकडं होता. तुझ्या वडिलांचा निरोप आला होता: नोकरी लागली तर राहा, नाही तर गुऱ्हाळ सुरू व्हायच्या आत घरी ये. म्हणजे ती जागा मिळाली तर तू कोल्हापुरात राहणार होतास, वाजवत राहणार होतास. नाही मिळाली तर तबला संपला. हे मला माहीत होतं. आपण दोघं कट्ट्यावर बसून त्यावर बोललो होतो. "लागली तर पयल्यांदा तुमच्याच म्हागं वाजवीन," असं तू म्हणाला होतास.

बुवांनी मला केदार गायला सांगितला होता. झपतालातली बंदिश. बाहेरगावचे एक नावाजलेले गवई प्रमुख पाहुणे म्हणून पुढं बसले होते. गाणं रंगलं होतं, हे मी नाकारत नाही. त्यातलं निम्मं तुझ्यामुळं रंगलं होतं. मी सुटलो की तुझा ठेका खाली अंथरल्यासारखा असायचा. मध्येच पाहुण्यांची मान डोलली. ती मी पाहिली आणि मला हाव सुटली. आपण तालमीत कधी घेतली नव्हती एवढी लांब तान मी घेतली. खाली उतरलो, मुखडा पकडला आणि समेवर आलो.

सम म्हणजे तालाचं घर. गवई कुठंही भटकून आला तरी त्यानं आणि तबलजीनं तिथं एकदम पाऊल टाकायचं असतं. मी एक मात्रा आधी पाऊल टाकलं.

कुणी असं म्हणू नये की मला समजलं नव्हतं. समजलं होतं. आणि समजल्यावर मी काय केलं? मी मान वळवून तुझ्याकडं पाहिलं. कपाळाला आठ्या घातल्या. जणू रस्ता चुकून तूच भलतीकडं पोचला होतास. आणि मांडीवर थाप मारून मी तुला ताल दाखवला. माझा, चुकीचा ताल.

तू वर पाहिलंस. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. तू नुसतं विचारत होतास, अण्णा, काय करू? मी पुन्हा थाप मारली. आणि पुढच्याच आवर्तनात तू एक मात्रा गिळलीस. तुझा तो भक्कम ठेका सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असा अडखळला आणि तू माझ्या खोट्या समेवर माझ्याबरोबर येऊन उभा राहिलास. ज्या बांधासाठी तू माझ्याशी इतकं भांडलास तो तू माझ्यासाठी स्वतःच्या हातानं फोडलास.

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "गेला भजनी!" आणि हशा झाला. मी गात राहिलो.

नंतर पडद्यामागं तू तबला फडक्यात बांधत होतास. मी आलो तशी तू मान वर न करता म्हणालास, "अण्णा, तुमचं घर एक मात्रा अलीकडं सरकलंय वाटतं. म्युन्शिपाल्टीनं रस्ता रुंद केला काय?"

तू मला दार उघडून दिलं होतंस, बसवंता. मी हसलो असतो, तुझ्या पाठीवर थाप मारून "मेलो रे, वाचवलंस" एवढं म्हणालो असतो, तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण पाहुण्यांबरोबर कमिटीतली मंडळी आत येत होती. मी त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणालो, "घसरलास तू. सांभाळायला हवं होतंस."

तू गाठ मारत होतास. ती पुरी केलीस. "व्हय," म्हणालास. "घसरलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी बुवांनी मला बोलावलं. ते कॉलेजच्या गॅलरीत सुपारी कातरत बसले होते. म्हणाले, "काल झपतालात नक्की काय झालं रे? मी विंगेत होतो. नीट दिसलं नाही."

बुवांना दिसायची काय गरज? ते विचारत नव्हतेच. मला बोलायला जागा करून देत होते. हे मला तेव्हाही कळलं होतं. आदल्या संध्याकाळी जे केलं ते भीतीनं केलं असं मी म्हणू शकतो. या सकाळचं तसं नाही. ऊन पडलेलं होतं, समोर फक्त माझे गुरू होते, आणि मी सावकाश, विचार करून म्हणालो, "नवखा आहे हो बुवा. घाबरला असेल. त्याला सांभाळून घ्या."

खोटं बोललो आणि वर मोठ्या मनाचा आव आणला. खोट्यापेक्षा मला त्या आवाची जास्त लाज वाटते. बुवांनी माझ्याकडं पाहिलं. मग अडकित्ता उचलला आणि म्हणाले, "बरं." त्यानंतर त्यांनी मला कधी केदार गायला सांगितला नाही. मीही गायलो नाही. बुवा का बोलले नाहीत, आपल्या शिष्याची अब्रू जाऊ नये म्हणून का, ते मला माहीत नाही. ते गप्प राहिले म्हणून माझं ओझं हलकं होत नाही.

जागा मिरजेच्या एका तबलजीला मिळाली. "हात भजनी आहे, मैफलीला कच्चा," असं तुझ्याविषयी ठरलं. ते पटायला कुणाला फार वेळ लागला नाही. आधीपासूनच सगळ्यांना ते पटवून घ्यायचं होतं. मी फक्त निमित्त पुरवलं.

तू गेलास त्या दिवशी मी मोटारस्टँडवर आलो होतो. तबला-डग्गा पोत्यात घालून तू मांडीवर घेतला होतास. क्लीनर म्हणत होता, टपावर टाका. तू म्हणालास, "टपावर तुजी सासू बसीव. ह्यो हितंच ऱ्हानार." मग खिडकीतून मला, "अण्णा, या की एकदा गुऱ्हाळाला. गरम गूळ खायाला. वैनींस्नी, कुमूला घिऊन या." मी येतो म्हणालो. तोंडाशी आलेलं दुसरं वाक्य बोलायला मला गाडी हलेपर्यंत वेळ होता. मी उसाच्या भावाविषयी बोललो.

गुऱ्हाळाला मी आलो नाही. घरी कुमू विचारायची, धा-काका कधी येणार? तुझ्या वहिनीनं एकदा विचारलं, "भावजी रागावले का हो आपल्यावर?" मी म्हणालो, "छे, शेतीच्या कामात असेल." पुढं मी परीक्षा पास झालो, शाळा सोडली आणि त्याच कॉलेजात शिकवायला लागलो. ज्या माडीवर तू राहायला हवा होतास तिथं मी राहिलो.

मग एका गणेशोत्सवात गडहिंग्लजला माझं गाणं होतं. तू आलास. पुढं बसला नाहीस. अगदी मागं, खांबाला टेकून उभा होतास, खांद्यावर टॉवेल. मी तुझ्या तोंडाकडं पाहिलं नाही, पण तुझा हात मला दिसत होता. मांडीवर तो ताल धरत होता, आणि गाणंभर मी माझ्या तबलजीचं न ऐकता तुझ्या त्या हाताकडं बघून समेवर येत होतो. गाणं संपल्यावर तू गुळाची ढेप खांद्यावर घेऊन गर्दीतून आलास. "सरका, सरका पावणं, घरचा मानूस हाय माजा!" आणि भोवतालच्या लोकांना अभिमानानं म्हणालास, "ह्येंच्या म्हागं मी वाजवलंय. कॉलेजात."

कुणीतरी बोललं, "व्हय की. म्हनूनच हाकलला न्हवं तुला?"

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं तू हसलास. मी हातात हार धरून उभा होतो आणि मीही हसत होतो. बसवंता, तिथंही मला बोलता आलं असतं. तुझ्याच तालुक्यात, तुझ्याच माणसांत. एका वाक्याचं काम होतं.

शेवटची संधी दवाखान्यात होती. तुला कोल्हापुरात आणलंय हे कळलं तसा मी मोसंबी घेऊन आलो. तू इतका वाळला होतास की पांघरुणाखाली माणूस आहे की नाही कळत नव्हतं; पण मला बघून म्हणालास, "या अण्णा. मोसंबी आनलासा? मला वाटलं तंबोरा आनतासा." आपण थोडा वेळ कुमूच्या शाळेविषयी बोललो. मग मी धीर करून, वळसा घालून, जुना वाद काढला. म्हटलं, "मग काय ठरलं शेवटी? साथ म्हणजे बांध की सावली?"

तू वर छताकडं बघत म्हणालास, "बांध फुटला की लोक बांधाला शिव्या देत्यात अण्णा. पान्याला कोन देतंय?" आणि हसलास. त्या हसण्यात टोमणा होता का, मी अजून ठरवू शकलो नाही. कदाचित तू पुन्हा एकदा दार उघडलं होतंस. मी चष्मा काढून पुसला, म्हणालो, "उद्या येतो, निवांत बोलू." दुसऱ्या दिवशी शिकवणी होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी आलो तेव्हा खाटेवर दुसरंच कुणी होतं. तुला गावाकडं नेलं होतं. मग निरोपच आला.

दिवसकार्य झाल्यावर मी तुझ्या घरी गेलो. ज्या गुऱ्हाळाला तू मला बोलावत होतास ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. चुलवाण थंड होतं. तुझ्या बायकोनं, गंगव्वा वहिनींनी, गुळाचा चहा दिला. तू त्यांना सगळं सांगितलं असणार अशीच माझी समजूत होती. त्या मला घरात तरी कशा घेतात याचंच मला नवल वाटत होतं. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी बसवंत चुकला नव्हता. मी चुकलो होतो."

"कवा?"

"कॉलेजात. ज्या दिवसामुळं तो परत आला."

"म्हंजे? ह्येनी घसरलं न्हवतं?"

तेव्हा मला कळलं. तू कुणालाच सांगितलं नव्हतंस. वडिलांना नाही, भावांना नाही, बायकोला नाही. सगळ्यांना एकच, मीच घसरलो. माझं खोटं तू माझ्याहून इमानानं सांभाळलंस.

वहिनी खाली बसल्या. "मी बी बोललीया त्यास्नी," म्हणाल्या. "भांडान झालं की म्हनायची, तबला धड जमला न्हाय आनि आता गूळ बी जमंना तुमास्नी. गप बसायचं. एकदा बी म्हनलं न्हाय की बाई, म्या चुकलो न्हवतो." पदर तोंडाला लावला. मग एकदम वर बघून, "ह्ये मला आता कशाला सांगितलासा? आता मी कुनाला सांगू, चुकलं माजं म्हनून?"

मी म्हणालो, "मी माफी मागायला आलो होतो."

"माज्याकडं? मी काय कमिटी हाय तुमची?" त्यांचा आवाज चढला. दारात कुणीतरी डोकावून गेलं. "जितं त्येंचं नाव घालवलासा तितं जाऊन सांगा. हितं नगं. हितं त्येंचं नाव ग्वाडच हाय."

मी उठलो. दारापर्यंत आल्यावर त्या मागून म्हणाल्या, "आनि गोल गोल बोलू नगासा. सरळ सांगा."

बसवंता, गेल्या आठवड्यात कॉलेजचा वार्षिक समारंभ झाला. तेच सभागृह. बुवा आता फार थकले आहेत, पण शाल पांघरून पहिल्या रांगेत आणून बसवलं होतं. त्या वेळच्या कमिटीतलेही काहीजण होते. मी केदार गायचं ठरवलं, झपताल, तीच बंदिश. साथीला शंकरराव होते, तुझ्याऐवजी मिरजेहून आलेले. चांगला माणूस आहे. त्यांचा यात काही दोष नाही. पडद्यामागं मी त्यांना म्हणालो, "आज मी कुठं चुकलो तर ठेका सोडायचा नाही. मला सांभाळून घ्यायचं नाही." ते हसले. "तुम्ही कशाला चुकताय!"

मी ठरवलं होतं असं, की आधी बंदिश नीट, चोख गायची आणि मग बोलायचं. त्यातही थोडा मोठेपणा होताच, चोख गाऊन चूक कबूल करायचा. पण ती बंदिश इतक्या वर्षांत गळ्याला लागली नव्हती. ती तान आली, बुवांची शाल डोळ्यांसमोर आली, श्वास तुटला आणि मी खाली उतरलो तो त्याच जागी, पुन्हा एक मात्रा आधी.

शंकररावांनी माझ्याकडं पाहिलं. सवयीनं त्यांचा हात माझ्याकडं वळायला लागला. मी हात वर केला. "नको. तुम्ही आहात तिथंच राहा." ते राहिले. मी गाणं थांबवलं आणि ठेका एकटा चालू राहिला, सरळ, भरीव, आवर्तनामागून आवर्तन. सभागृहातल्या प्रत्येकाला ऐकू आलं, कोण कुठं होतं ते. मग शंकररावांनीही हात थांबवले.

मी दोन्ही कान धरले आणि म्हणालो, "मंडळी, आत्ता चुकलो तो मी. तबला बरोबर होता. पूर्वी एकदा याच सभागृहात, याच बंदिशीत, याच जागी मी असाच चुकलो होतो. तेव्हा तबल्यावर बसवंत होता. त्याचा ठेका बरोबर होता. मी त्याच्यावर डोळे वटारले, मांडीवर खोटा ताल दिला, आणि माझी लाज राखायला त्यानं स्वतःचा बरोबर ठेका मोडला. तुम्ही त्याला कच्चा म्हणालात ते मी म्हणू दिलं. त्याची जागा गेली ती मी जाऊ दिली. बुवा, दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हाही मी खोटं बोललो."

बुवांनी मान हलवली. "ठाऊक होतं," ते म्हणाले. आवाज इतका बारीक की मागच्यांना ऐकू गेला नसेल. "मीही बोलायला हवं होतं. पुढं बोल. त्याला सांग."

तू कुठं होतास मला ठाऊक नाही. मी शेवटच्या रांगेमागच्या खांबाकडं पाहिलं, कारण तू तसा उभा राहायचास. आणि रंकाळ्याच्या कट्ट्यावरून हाक मारावी तसा, सगळ्यांच्या देखत मोठ्यानं म्हणालो, "बसवंता, तू चुकला नव्हतास. मी चुकलो. आणि चुकल्यावर ते तुझ्या माथी मारलं. मला क्षमा कर."